भिंतीआडची मात्रा : प्रस्तावना

अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला की आसपासच्या लोकांना मिळणारी पहिली सूचना बहुतेक वेळा एवढीच असते: घरात थांबा, दारं-खिडक्या लावून घ्या, पंखे आणि एसी बंद करा. सूचना सोपी आहे. ती पाळायला यंत्रं लागत नाहीत, वाहनं लागत नाहीत. पण ती देणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात एक हिशेब पक्का असावा लागतो. बाहेर अंगणात उभ्या असलेल्या माणसाला किरणोत्सर्गाची जी मात्रा मिळेल, तिचा कितवा हिस्सा आतल्या खोलीत बसलेल्याला मिळेल? निम्मा? दहावा? की जवळजवळ तेवढीच? हे उत्तर पाचपट चुकलं, तर ज्यांना हलवायला हवं होतं ते घरात अडकून राहतात, किंवा ज्यांना घरातच ठेवणं भल्याचं होतं त्यांना रातोरात बसमध्ये कोंबलं जातं. या पुस्तकाचा विषय हा हिशेब आहे.

आपल्याकडे अणुऊर्जेची चर्चा प्रकल्प हवा की नको या प्रश्नापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. दोन्ही बाजूंची माणसं तावातावाने बोलतात. अपघात झालाच तर तारापूरजवळच्या एखाद्या पाड्यातल्या बाईने घरात नेमकं कुठे बसावं, किती वेळ बसावं आणि खिडकी कधी उघडावी, हे मात्र दोघांच्याही बोलण्यात येत नाही. तिच्या दृष्टीने तोच प्रश्न सगळ्यात आधीचा आहे. तो सुटायचा तर भिंत समजावी लागते, छप्पर समजावं लागतं, वारा समजावा लागतो, आणि त्या घरात राहणाऱ्या माणसाचा दिवस समजावा लागतो. गेल्या साठेक वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी यातली एकेक गोष्ट हाती घेतली. माझ्या मते या क्षेत्रातल्या मोठ्या चुका झाल्या त्या चौथ्या गोष्टीला, म्हणजे माणसाच्या दिवसाला, गृहीत धरल्याने.

आधी मात्रा येते कशी ते पाहू. अपघातात भट्टीतून बाहेर पडलेली द्रव्यं वाऱ्याबरोबर ढगासारखी सरकतात. त्यांत झेनॉनसारखे वायू असतात, आयोडीन, टेल्युरियम, सिझियम असतं. ढग डोक्यावर असताना त्यातून थेट गॅमा किरण येतात. त्याच वेळी श्वासावाटे त्यातले कण शरीरात जातात. आणि ढग पुढे गेल्यावर जमिनीवर, पानांवर, छपरांवर जो थर मागे उरतो तो वर्षानुवर्षं किरण टाकत राहतो. अन्नातून आणि दुधातून मिळणारी मात्रा हा वेगळा आणि फार मोठा विषय आहे. चेर्नोबिलच्या परिसरातल्या मुलांच्या थायरॉइडला बसलेला फटका मुख्यतः दुधातल्या आयोडीन-१३१ चा होता. त्या वाटेपुढे भिंतीचा उपयोग नाही, म्हणून ती या पुस्तकात घेतलेली नाही.

उरलेल्या तिन्ही वाटा घर कमीअधिक अडवतं. आतल्या मात्रेला बाहेरच्या मात्रेने भागलं की जो आकडा येतो, त्याला या पुस्तकात नुसतं ‘गुणांक’ म्हटलं आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या जुन्या तक्त्यात ढगाच्या किरणांपुढे लाकडी घर जवळजवळ नसल्यासारखंच आहे; त्याचा गुणांक ०.९. विटांच्या घराचा ०.६, मोठ्या कार्यालयीन इमारतीचा ०.२ किंवा कमी. जमिनीवर बसलेल्या थरासाठी मात्र तेच लाकडी घर ०.४ वर येतं, विटांचं ०.२ वर, आणि प्रशस्त बहुमजली इमारतीचे वरचे मजले ०.०१ पर्यंत खाली जातात.

नवख्या वाचकाने इथे जरा थांबावं. भिंत तीच असताना ०.९ चे ०.४ कसे झाले? सिझियम-१३७ चा गॅमा किरण पातळ फळीला जुमानत नाही. हवेत तर तो सरासरी शंभरेक मीटर काही न अडता जातो. लाकडी घरात मात्रा कमी होते ती मुख्यतः घराखालच्या जमिनीवर काही पडलेलं नसतं म्हणून. उघड्या मैदानात उभ्या माणसाला मिळणाऱ्या मात्रेचा मोठा हिस्सा त्याच्या पायाभोवतीच्या काही मीटरच्या वर्तुळातून येतो, आणि घराने ते वर्तुळ स्वच्छ राखलेलं असतं. जे संरक्षण आपण भिंतीच्या खात्यावर मांडतो ते पुष्कळसं जमिनीच्या आणि अंतराच्या खात्यावरचं आहे. हे एकदा ध्यानात आलं की बाकीच्या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टी उलगडू लागतात. खोलीच्या मध्यापेक्षा खिडकीशी मात्रा जास्त असते. वरच्या मजल्यावर ती कधी कधी खालच्यापेक्षा वाढते, कारण छपरावरचा थर जवळ येतो आणि लांबवरची जमीनही किरणांच्या टप्प्यात येते. घरामागे झाडीची टेकडी असेल तर त्या बाजूच्या खोलीचं वागणं वेगळं असतं. अंगणातली माती खरवडून नेली तरी आतली मात्रा बाहेरच्याइतक्या झपाट्याने उतरत नाही, त्यामुळे साफसफाईनंतर गुणांक चक्क वर जाऊ शकतो. घर तेच असतं, भोवतालची जमीन बदललेली असते. गुणांक हा घराचा अंगभूत गुण आहे अशी समजूत या क्षेत्रात बराच काळ टिकली. ती मोडायला प्रत्यक्ष मोजणी लागली.

या हिशेबाची सुरुवात वीज केंद्रांसाठी झालेली नाही. हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांपैकी अनेक जण स्फोटाच्या क्षणी लाकडी घरांत होते. त्यांना किती मात्रा मिळाली हे ठरवल्याशिवाय त्यांच्या पुढच्या आजारांचा आणि मात्रेचा संबंध लावता येत नव्हता. त्यासाठी अमेरिकेने १९६२ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात सुमारे ४६५ मीटर उंचीचा मनोरा उभा केला, त्यावर कवच नसलेली एक छोटी अणुभट्टी चढवली आणि खाली जपानी धर्तीची घरं बांधून आत किती किरण पोचतात ते मोजलं. ‘ब्रेन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाचे आकडे १९६५ च्या मात्रा-पद्धतीत गेले. त्या पद्धतीत जपानी घरातून गॅमा किरणांचा सुमारे नऊ-दशांश भाग पार होतो असं धरलं होतं. १९८६ मध्ये संगणकाच्या साहाय्याने सगळा हिशेब नव्याने मांडला तेव्हा तो हिस्सा जवळपास निम्म्यावर आला. किरणोत्सर्गाच्या धोक्याविषयीचं आजचं पुष्कळसं ज्ञान याच वाचलेल्या माणसांच्या नोंदींवर उभं आहे, आणि त्यांच्या घरांचा हिशेब वीस वर्षांत असा बदलला. जगातला सगळ्यात काळजीपूर्वक केलेला हा अंदाज होता, हे पुढची प्रकरणं वाचताना विसरू नये.

त्याच काळात शीतयुद्धामुळे दुसरा एक प्रवाह तयार झाला. अणुबॉम्बच्या राखेपासून नागरिकांना वाचवण्यासाठी तळघरं आणि निवारे किती उपयोगी पडतील, याचा हिशेब अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्‌समध्ये होत होता. १९६२ मध्ये तिथल्या एल. व्ही. स्पेन्सर यांचा इमारतींच्या संरक्षणावरचा ग्रंथ निघाला आणि पुढच्या अभियंत्यांची एक पिढी त्यावर तयार झाली. वीज केंद्रांच्या अपघातांकडे लक्ष वळलं ते सत्तरच्या दशकात. १९७५ च्या रासमुसेन अहवालाने अमेरिकी भट्ट्यांच्या संभाव्य अपघातांचा पहिला सविस्तर जोखीम-हिशेब मांडला, आणि १९७७ मध्ये बर्सन आणि प्रोफिओ यांनी निवाऱ्यांच्या त्या जुन्या ज्ञानातून भट्टीच्या अपघातासाठी गुणांकांचा तक्ता बनवला. वर दिलेले आकडे त्याच घराण्यातले. दोनच वर्षांनी, मार्च १९७९ मध्ये, थ्री माइल आयलंडचा अपघात झाला आणि पेनसिल्वेनियाच्या गव्हर्नरांनी १० मैलांतल्या लोकांना घरात थांबायला सांगितलं.

तक्ता चांगला होता. मात्र त्यातली घरं अमेरिकेतली होती: चौकटीचं लाकडी घर, विटांचं घर, त्यांची तळघरं. तो जगभर गेला आणि जिथे जिथे गेला तिथे स्थानिक घराला त्यातल्या सगळ्यात जवळच्या ओळीत बसवलं गेलं.

चेर्नोबिलने या क्षेत्राला दोन नवी घराणी दिली. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे भट्टी फुटली. तीन-चार किलोमीटरवरच्या प्रिप्यात शहरात सुमारे ४९,००० वस्ती होती. शनिवार होता, मुलं शाळेत गेली, लोक बाजारहाट करत राहिले, आणि बस आल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी, अपघाताला दीड दिवस होत आल्यावर. त्या दीड दिवसात कोण घरात होतं, कोण बाल्कनीत, कोण नदीकाठी, हे नंतर प्रश्नावल्या भरून घेऊन शोधावं लागलं. युक्रेनमधले इल्या लिख्तारेव आणि त्यांचे सहकारी यांनी हजारो विस्थापितांच्या उत्तरांवरून त्यांच्या बाह्य मात्रा मांडल्या. एकाच शहरात, एकाच इमारतीत राहणाऱ्यांच्या मात्रांत मोठं अंतर निघालं, कारण दिवस वेगळे होते. रशियाच्या ब्र्यान्स्क भागात गोलिकोव्ह, बालोनोव्ह आणि इतरांनी हेच काम वर्षानुवर्षं केलं. गावकऱ्यांच्या अंगावर डोसिमीटर दिले, लाकडी घरात राहणारे आणि विटांच्या घरात राहणारे वेगळे केले, शेतावर राबणारे, कचेरीत बसणारे, निवृत्त म्हातारे आणि शाळकरी मुलं वेगळी केली. याला मी माणसापासून सुरू होणारं घराणं म्हणेन.

दुसरं घराणं संगणकाचं. म्युनिकजवळच्या संशोधन केंद्रात मेकबाख, याकोब आणि पारेत्स्के यांनी वेगवेगळ्या धर्तीच्या घरांची आणि शहरी वस्त्यांची गणिती प्रतिकृती केली आणि कोट्यवधी किरणांचे प्रवास संगणकावर चालवून पाहिले. रस्ता, भिंत, छप्पर, झाड, बाग यांपैकी कशावरचा थर कोणत्या खोलीत किती मात्रा पोचवतो, हे त्यातून सुटं सुटं मांडता आलं. त्याला जोड मिळाली डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेची. तिथले रोड आणि अँडरसन यांनी शहरातल्या पृष्ठभागांवर सिझियम किती चिकटतं आणि किती धुऊन जातं, ते चिकाटीने मोजलं. डांबरी रस्त्यावरून ते पावसाने आणि वाहनांनी बऱ्यापैकी निघून जातं. भाजक्या मातीच्या कौलांत मात्र ते घट्ट बसतं. कोकणातल्या वाचकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

मग फुकुशिमा. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर तीन भट्ट्यांची इंधनं वितळली. १२ मार्चच्या संध्याकाळपर्यंत २० किलोमीटरचा टापू रिकामा करण्याचा आदेश निघाला, आणि १५ मार्चला २० ते ३० किलोमीटरमधल्या लोकांना घरात थांबायला सांगितलं गेलं. ही सूचना एक-दोन दिवसांसाठी असते असं सगळी पाठ्यपुस्तकं धरून चालतात. इथे ती आठवड्यांवर लांबली. मालवाहू गाड्या त्या भागात यायला तयार नव्हत्या, दुकानं बंद झाली, पेट्रोल संपलं. मिनामिसोमाच्या महापौरांनी कॅमेऱ्यासमोर बसून जगाला मदत मागितली. २५ मार्चला सरकारने या पट्ट्यातल्या लोकांना आपणहून निघून जायला सुचवलं. भिंतीचा गुणांक कितीही चांगला असला तरी घरातलं अन्न किती दिवस पुरतं हा आकडा त्याच्या शेजारी लिहावा लागतो, हे तेव्हा कळलं.

त्या वसंतात जपान सरकारने जो हिशेब वापरला तो वाचकाने कागदावर स्वतः करून पाहावा. माणूस दिवसाचे ८ तास बाहेर असतो आणि १६ तास लाकडी घरात. घराचा गुणांक ०.४. म्हणजे घरातले १६ तास बाहेरच्या ६.४ तासांबरोबर, आणि एकूण १४.४ तास. तासाला ३.८ मायक्रोसिव्हर्ट असेल तर ३.८ गुणिले १४.४ गुणिले ३६५, म्हणजे वर्षाला जवळजवळ २० मिलिसिव्हर्ट. १९ एप्रिल २०११ ला शिक्षण मंत्रालयाने हाच ३.८ चा आकडा शाळांच्या मैदानांसाठी मर्यादा म्हणून दिला. पालक खवळले. मंत्रिमंडळाचे सल्लागार, टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक तोशिसो कोसाको यांनी २९ एप्रिलला राजीनामा दिला आणि पत्रकारांसमोर त्यांना अश्रू आवरले नाहीत. मुलांसाठी ही मर्यादा त्यांना मान्य नव्हती. मेअखेर मंत्रालयाला शाळेतली मात्रा वर्षाला १ मिलिसिव्हर्टपर्यंत खाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर करावं लागलं. नंतर साफसफाईसाठी जो ०.२३ मायक्रोसिव्हर्टचा आकडा घराघरात पोचला, तोही याच सूत्राचा: ०.१९ अपघाताचे, ०.०४ निसर्गाचे.

हे सूत्र चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. घाईच्या वेळी, सगळ्या लोकसंख्येसाठी, सावध बाजूला झुकणारं एक सूत्र लागतंच. गुणांकही फारसा चुकला नव्हता. नंतर तोहोकू विद्यापीठाच्या हिरोको योशिदा-ओहुची आणि सहकाऱ्यांनी लाकडी घरांत आतबाहेर मोजणी केली तेव्हा मधला आकडा ०.४ च्या आसपासच आला, फक्त घराघरांत फरक होता. अडचण होती ती त्या ८ आणि १६ तासांची. भातशेती करणारा माणूस, अंथरुणाला खिळलेली आजी, बालवाडीतलं मूल, जंगलात मशरूम गोळा करायला जाणारा म्हातारा, या सगळ्यांचा दिवस सूत्रात एकच होता.

फुकुशिमा प्रीफेक्चरने दिवस विचारायचं ठरवलं. रहिवाशांना एक प्रश्नावली पाठवली गेली: ११ मार्च ते ११ जुलै या चार महिन्यांत तुम्ही कुठे होता, घरात किती वेळ, बाहेर किती, प्रवासात किती, घर लाकडी की काँक्रीटचं. पहिल्या पंधरवड्यासाठी तर एकेका दिवसाची आडवी पट्टी आखलेली, तासांच्या खुणा केलेली, आणि त्यावर रेघ ओढून आपण कुठे होतो ते दाखवायचं. घर सोडून तीन-चार ठिकाणी मुक्काम हललेल्या कुटुंबाने महिन्यांनंतर ती पट्टी भरायची म्हणजे काय, याची कल्पना करा. उत्तरं आली ती सुमारे २७ टक्के लोकांकडून. त्यावरून साडेचार लाखांहून जास्त माणसांच्या चार महिन्यांच्या बाह्य मात्रा काढल्या गेल्या. किरणोत्सर्गाशी ज्यांचा कामधंद्यातून संबंध नव्हता अशांपैकी सुमारे ६२ टक्के १ मिलिसिव्हर्टच्या खाली होते, ९४ टक्क्यांच्या आसपास २ च्या खाली, आणि सगळ्यात मोठा आकडा २५ होता. हे सर्वेक्षण मला या क्षेत्रातलं सगळ्यात माणुसकीचं काम वाटतं. त्यातून गळालेल्या तीन-चतुर्थांश लोकांचा दिवस कसा होता हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

मग बॅज आले. छातीवर लावायचा काचेचा डोसिमीटर तीन महिन्यांची बेरीज देतो. ‘डी-शटल’ नावाचा छोटा मापक तासातासाची नोंद ठेवतो, म्हणजे शाळेतला तास वेगळा, झोपेतला वेगळा. बहुतेक ठिकाणी बॅजवरची मात्रा सूत्राने सांगितलेल्या मात्रेपेक्षा कमी निघाली. याची कारणं अनेक होती. माणसं ८ तास बाहेर नसतात. शाळा आणि कचेऱ्या काँक्रीटच्या असतात. आणि हवेतली मात्रा दाखवणाऱ्या यंत्राचा आकडा शरीराच्या आतल्या मात्रेपेक्षा मुळातच जास्त असतो. दाते शहरातल्या हजारो रहिवाशांच्या बॅजवरून २०१७ मध्ये दोन शोधनिबंध निघाले. सूत्राप्रमाणे बाहेरच्या मोजणीच्या ०.६ पट मात्रा माणसाला मिळायला हवी होती. निबंध म्हणाला, ०.१५ पट. हा आकडा धोरणाच्या चर्चेत लगेच पोचला. पुढे उघड झालं की संमती न दिलेल्या रहिवाशांची माहितीही त्यात वापरली होती, आणि आयुष्यभराच्या मात्रेच्या हिशेबात चूक होती. २०२० मध्ये दोन्ही निबंध मागे घेतले गेले. दिशा खरी असेलही, इतर मोजण्या तेच सुचवतात. पण ज्यांच्या छातीवरचा आकडा वापरायचा त्यांना न विचारता तो वापरला, तर त्याच माणसांना उद्या ‘घरात थांबा, तुम्ही सुरक्षित आहात’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्या निबंधांतला कुठलाही आकडा या पुस्तकातल्या हिशेबाला आधार म्हणून घेतलेला नाही.

बॅजनेच एक वेगळी गोष्टही उघड केली. निहोनमात्सु शहरात एका शाळकरी मुलीच्या बॅजवर तीन महिन्यांत दीड मिलिसिव्हर्टहून जास्त मात्रा दिसली. शोध घेतला तेव्हा कळलं की ती राहत होती ती इमारत नवी, अपघातानंतर बांधलेली. इमारतीच्या पायाच्या काँक्रीटमधली खडी नामिए भागातल्या खाणीतून आली होती, आणि अपघाताच्या वेळी ती खडी तिथे उघड्यावर पडलेली होती. तळमजल्यावर घराबाहेरच्यापेक्षा घरात मात्रा जास्त होती. जानेवारी २०१२ मध्ये ही बातमी आली. आत म्हणजे कमी, या आपल्या सगळ्या सूत्रांच्या मूळ समजुतीलाच इथे अपवाद निघाला, आणि तो कोणत्याही प्रतिकृतीत सापडला नसता.

श्वासाच्या वाटेविषयी आपल्याला यापेक्षा कमी कळलेलं आहे. शेजारच्या घरातल्या फोडणीचा खाट खिडकी लावली तरी आत येतो, आणि एकदा आला की बंद खिडकीमुळेच रेंगाळतो. ढगाचं तसंच आहे. किती येतो हे फटींवर, वाऱ्याच्या जोरावर आणि आतबाहेरच्या तापमानावर ठरतं. सिझियमचे कण फटीत आणि भिंतींवर अडकतात, वायुरूप आयोडीन पृष्ठभागांना चिकटतं, तर सेंद्रिय रूपातलं आयोडीन जवळजवळ काहीच न अडकता आत शिरतं. ढग गेल्यावर दारं-खिडक्या उघडून घर मोकळं करायला हवं, कारण तेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा स्वच्छ असते. तो क्षण कोणी आणि कसा जाहीर करायचा हे मात्र फार थोड्या आराखड्यांत सापडतं. अज्ञान किती आहे हे पाहायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीचे दोन अहवाल शेजारी ठेवावेत. २०१३ च्या अहवालात श्वासाच्या बाबतीत घराने काहीच संरक्षण दिलं नाही असं धरलं होतं. पुढच्या, २०२० च्या अहवालात आतली मात्रा बाहेरच्या निम्मी धरली. थायरॉइडच्या मात्रांचे अंदाज खाली आले त्यामागच्या कारणांपैकी हे एक.

आता, आजच या विषयाची गरज का? फुकुशिमात इस्पितळांतून घाईने हलवलेल्या रुग्णांपैकी ५० हून अधिक जण वाटेत किंवा त्यानंतर लगेचच दगावले. विस्थापनाच्या हालांमुळे झालेले मृत्यू त्या प्रीफेक्चरमध्ये २,३०० च्या वर मोजले गेले. तीव्र किरणोत्सर्गाने त्या दिवसांत रहिवाशांपैकी कोणीही मेलं नाही. त्यामुळे हलवणं हाच नेहमी सुरक्षित पर्याय ही जुनी खात्री उरलेली नाही, आणि थांबण्याच्या बाजूचा हिशेब आधीपेक्षा काटेकोर हवा आहे. जपानने केंद्रांजवळच्या इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत गाळलेली हवा दाबाने आत सोडणारे निवारे बांधले. मग १ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात ७.६ क्षमतेचा भूकंप झाला. तिथलं शिका केंद्र आधीपासून बंद होतं म्हणून निभावलं, पण घरं कोसळली, रस्ते तुटले, त्या निवाऱ्यांपैकीही काहींचं नुकसान झालं. घरच उरलं नाही तर घरात थांबायचं कसं? जपानच्या अणुनियमन प्राधिकरणाने त्यानंतर हा प्रश्न पुन्हा हाती घेतला आणि २०२५ मध्ये घरात थांबण्यासाठी तीन दिवसांचा अंदाज पुढे ठेवला.

आपल्याकडे तारापूर १९६९ पासून वीज देतं आहे, कैगा गोव्याच्या सीमेपासून दूर नाही, जैतापूरचा प्रकल्प प्रस्तावित आहे. केंद्राभोवती १६ किलोमीटरचा टापू आणीबाणीच्या नियोजनासाठी धरला जातो. त्या टापूतली घरं डोळ्यांसमोर आणा. जांभ्या चिऱ्याच्या फूटभर जाडीच्या भिंती जमिनीवरच्या थरापुढे लाकडापेक्षा कितीतरी चांगल्या ठरतील. पण वर कौलं आहेत, ती हवेला अडवत नाहीत आणि सिझियम धरून ठेवतात. पालघरमधल्या पाड्यांवर कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेली घरं आहेत. त्यांच्या शेजारी पत्र्याची, आणि त्यापलीकडे काँक्रीटच्या चार मजली इमारती. माणसं दुपार पडवीत काढतात, उन्हाळ्यात ओटीवर झोपतात, कोळी रात्र समुद्रावर घालवतात. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या घरात पंखा बंद ठेवून, खिडक्या लावून तीन दिवस बसणं म्हणजे काय, हे फुकुशिमाच्या मार्चमधल्या थंडीवरून कळणार नाही. अमेरिकी तक्त्यात यातल्या बहुतेक घरांना ओळ नाही.

या कामाची शिस्त भारतात नवी नाही. केरळमधल्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त आहे. तिथल्या कर्करोगाच्या दीर्घ अभ्यासासाठी ७०,००० हून अधिक घरांच्या आत आणि बाहेर मोजणी झाली, आणि बाई किती वेळ घरात असते, पुरुष किती, मूल किती, याचे वेगळे गुणांक धरले गेले. अपघाताची वाट न पाहता दारोदार जाऊन हे करता येतं, याचा हा पुरावा आहे.

या पुस्तकाची मांडणी या पार्श्वभूमीवर झालेली आहे. ते अभियंत्यांसाठी लिहिलेलं नाही, पण अभियंत्याने हाती घेतलं तर त्याला हिशेब पुरता सापडेल. ते जिल्हा प्रशासनातल्या अधिकाऱ्यांसाठी, डॉक्टरांसाठी, शिक्षकांसाठी आणि केंद्राजवळ राहणाऱ्या, प्रश्न विचारणाऱ्या कोणाहीसाठी आहे. गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे जिथे जातं तिथे ते वेगळ्या चौकटीत ठेवलं आहे. चौकट सोडून वाचलं तरी धागा तुटणार नाही. अणुऊर्जा हवी की नको यावर पुस्तक मत देत नाही, कारण केंद्र उद्या बंद झालं तरी त्यातलं वापरलेलं इंधन तिथेच असतं आणि शेजारच्या घरांचा प्रश्न उरतो. प्रत्येक गुणांकापुढे तो कुठल्या देशातल्या, कशा घरात, कोणत्या वर्षी आणि मोजून की गणित करून मिळाला, हे लिहिलेलं आहे. असं न लिहिलेला आकडा वापरू नये असं माझं आग्रहाचं मत आहे.

शेवटचा भाग कोकणच्या घरांचा. त्यासाठी किरणोत्सर्ग लागत नाही, ही गोष्ट बऱ्याच वाचकांना नवी वाटेल. चिऱ्याची घनता आणि भिंतीची जाडी मोजली, खोल्यांचा आराखडा काढला, की भिंतीचा गुणांक संगणकावर काढता येतो. घरात हवा किती खेळते ते तर आजच, कोणत्याही घरात तपासता येतं. खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा, माणसांनी बाहेर यायचं, दारं-खिडक्या लावायच्या, आणि एका साध्या मापकावर तो किती मिनिटांत निम्मा होतो ते टिपायचं. कौलारू घरात एकदा, पत्र्याच्या घरात एकदा, कुडाच्या घरात एकदा. वारा पडलेला असताना आणि पावसाळी वारा सुटलेला असताना. त्याबरोबर घरातल्या प्रत्येकाचा दिवस तासातासाने लिहून घ्यायचा, फुकुशिमाच्या त्या पट्टीसारख्या पट्टीवर, आणि आधी त्यांना विचारून. नोंदीचा नमुना, मापक निवडताना पाहायच्या गोष्टी आणि आकडेमोडीची रीत परिशिष्टात दिली आहे. विज्ञान शाखेचं एखादं महाविद्यालय एका सत्रात एका गावाची नोंद पुरी करू शकेल.